नॉर्माने आवळलेला नट

सिल्व्हिओ ब्रेसानने आवळलेले झाकण उघडायला ट्रॅक्टर आणावा लागतो, असे इंगहॅम या उसाच्या गावात त्याच्या गल्लीतले लोक म्हणत. रस्त्यापलीकडचा लायल हॉकिंग्ज त्यात स्वतःची भर घाली : "ट्रॅक्टर नंतर. आधी फादरना बोलवा."

त्यामागे एक घटना होती. चर्चच्या आवारातला ठिबकणारा नळ सिल्व्हिओने एकदा आपणहून दुरुस्त केला. तो पुन्हा ठिबकला नाही हे खरे. पण पुढच्या रविवारी बाप्तिस्म्याच्या वेळी फादरना तो उघडताच येईना. शेवटी शेजारच्या घरून आणलेल्या किटलीतले पाणी बाळाच्या डोक्यावर घालावे लागले.

सिल्व्हिओला यात आपले काही चुकले असे वाटत नसे. त्याचे वडील इटलीहून हाताने ऊस तोडायला आले होते; तो स्वतः पंधराव्या वर्षी साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागला आणि एकेचाळीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाला. ऐन गाळपात वाफेच्या नळीचा एखादा जोड फुसफुसू लागला की सारा कारखाना थांबे आणि तोडलेला ऊस वाघिणींतच आंबत राही. त्यामुळे जोड आवळून झाला की 'आणखी एक झटका' द्यायचा, हा त्याच्या हाताचा नेम झाला होता. घरी हा नेम बरण्या, नळ, कॉफीचे भांडे, सगळ्यांवर चाले. नॉर्मा, त्याची बायको, औषधाच्या बाटल्या त्याच्यापासून लपवून ठेवी.

निवृत्तीनंतरचा पहिला गाळप हंगाम त्याला जड गेला. दूरवर धुराडे धूर ओकत होते आणि घरात मात्र एकही यंत्र घुमत नव्हते. त्याच सुमारास टाउन्सव्हिलचा एक दातांचा डॉक्टर दवाखाना बंद करत होता. तिथली चार फुटी काचेची टाकी, खाऱ्या पाण्याच्या माशांसकट, सिल्व्हिओ घरी घेऊन आला. पाणी वरच्या टाकीच्या तळातल्या भोकातून खालच्या लहान टाकीत उतरायचे, तिथे गाळले जायचे आणि पंपाने पुन्हा वर चढायचे. पंप बारीक घुमायचा. सिल्व्हिओने त्याच्यासमोर खुर्ची मांडली. त्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला होता.

नॉर्माने पहिल्या दिवशी नाक मुरडले. दुसऱ्या दिवशी तिला दगडाच्या कपारीतून फक्त तोंड बाहेर काढून बसणारा एक मासा दिसला. जाड ओठ, फुगलेले डोळे आणि सगळ्या जगावर नाराजी.

"अरे, हा तर आपला बेप्पीकाका! लग्नात बसायचा ना अस्साच, जेवण यायला उशीर झाला की!"

तेव्हापासून तो मासा बेप्पीकाका झाला, आणि सिल्व्हिओ बाहेर गेला की त्याला जास्तीचे खाणे मिळू लागले. हे सिल्व्हिओला ठाऊक होते.

गळती सप्टेंबरात सुरू झाली. टाकीच्या तळातून नळी बाहेर काढण्यासाठी प्लास्टिकचा एक जोड होता : काचेच्या आत त्याची रुंद टोपी, बाहेर नट, आणि पाणी अडवायला रबराचे एक कडे. त्या नटाभोवती मिठाचा पांढरा थर दिसू लागला. सिल्व्हिओने कारखान्यातून आणलेला दोन हात लांबीचा पाना काढला आणि नट आवळला. एक दिवस पाझर थांबला. तिसऱ्या दिवशी थेंब पडू लागला. त्याने आणखी दोनदा आवळला. थेंब लवकर लवकर पडू लागला. मग त्याने नटावर फटी बुजवायचे सिलिकॉन थापले. पाण्याने सिलिकॉनच्या कडेने वाट काढली.

घर उंच खांबांवर होते आणि जमीन लाकडी फळ्यांची. फळ्यांच्या फटीतून थेंब खाली पडे, तो थेट घराखालच्या मोकळ्या जागेतल्या लांब टेबलावर. त्याच टेबलावर दरवर्षी सगळे ब्रेसान आणि नॉर्माच्या माहेरचे मिळून वर्षभराचा टोमॅटोचा रस उकळून बरण्यांत भरत. तो दिवस येत्या रविवारी होता.

बुधवारी संध्याकाळी नॉर्मा टेबलावरचा पांढरा डाग नखाने खरवडून वर आली.

"सिल्व्हिओ, हे बघ. हे काय आहे?"

"मीठ."

"मला कळतं मीठ आहे ते. माझ्या रसात मीठ मी घालते. तुझ्या माशांनी घालायचं नाही."

"आज आणखी एकदा आवळतो."

"आवळ, आवळ! तीनदा आवळलंस, तीनदा जास्त गळलं. बोवेनहून टोमॅटो येतायत, अठ्ठावीस माणसं येतायत. रविवारी तुझ्या टाकीतला एक थेंब जरी टेबलावर पडला ना, तर सोमवारी टाकी शाळेला. मुख्याध्यापक बाईंशी बोलून ठेवलंय मी."

"आणि बेप्पी?"

नॉर्माने नखातले मीठ झटकले. "त्यालासुद्धा शाळेत जाऊ दे. शिकेल काहीतरी," ती म्हणाली आणि टाकीकडे न पाहता स्वयंपाकघरात गेली.

गुरुवारभर सिल्व्हिओ टाकीखाली आडवा होता. एकेचाळीस वर्षांत त्याच्या हातचा एकही जोड असा हट्टाला पेटला नव्हता. लायल कुंपणावरून डोकावून विचारून गेला, "काय सिल्व्ह, बॉयलर फुटला का?"

शुक्रवारी सकाळी नॉर्मा घराखालच्या टेबलावर बरण्या धुऊन मांडत होती. त्या तिच्या आईच्या बरण्या : काचेचे झाकण, त्याखाली रबराचे कडे आणि वरून फिरवायचे पत्र्याचे वळे. सिल्व्हिओ कॉफी घेता घेता टेबलाशी टेकला आणि सवयीने एका बरणीचे वळे फिरवू लागला.

"हात काढ!" नॉर्माने फडक्याने त्याच्या मनगटावर फटका मारला. "गेल्या वर्षी तू आवळलेल्या सहा बरण्या नासल्या. आठवतंय?"

"मी तर सगळ्यांत घट्ट बसवल्या होत्या."

"म्हणूनच नासल्या! बघ." तिने त्याच्या हातातली बरणी उजेडात धरली. झाकणाखालचे रबर एका बाजूने जिभेसारखे बाहेर आले होते. "रबराला चिरडायचं नसतं रे. नुसतं टेकवायचं. हाताला अडलं की थांबायचं. बसायचं काम रबर करतं. आई तर म्हणायची, झाकण लावताना एखाद्याचा गाल धरल्यासारखं धरावं."

सिल्व्हिओ त्या जिभेकडे बघत राहिला. मग कॉफी तशीच ठेवून जिना चढला.

विजेरी लावून त्याने नट नीट पाहिला. सिलिकॉनच्या थराखालून रबर तसेच बाहेर आले होते, एका अंगाला दबलेले, दुसऱ्या अंगाला सुटलेले. शिवाय डॉक्टरने की आणखी कुणी ते बसवले होते नटाच्या बाजूला, काचेच्या बाहेर. पाणी आधी आतल्या टोपीखाली शिरणार. त्याला अडवायचे तर रबर तिथे हवे. वाफ सगळीकडून धडका देते, तिला दाबून टाकावे लागते. पाणी नुसते वाट शोधते. कारखान्यातल्या हाताने तो घरातले पाणी दाबत बसला होता.

"नॉर्मा! मासे काढायचेत. मोठं काहीतरी भांडं आहे का?"

जिन्यावर पावले वाजली आणि नॉर्मा टोमॅटो भिजवायचा आपला सर्वांत मोठा, स्वच्छ टब घेऊन आली.

"हा रविवारी लागेल ना तुला?" तो म्हणाला.

"लागेल. आधी काकाला उचल, दगडासकट. घाबरवू नकोस त्याला."

दोघांनी टाकीतले पाणी टबात आणि बादल्यांत उपसले, मासे हलवले. सिल्व्हिओने चिरडलेले रबर फेकून नवे घेतले, काच पुसून कोरडी केली, सिलिकॉन खरवडून काढले, रबर आत टोपीखाली बसवले आणि बाहेरून नट फिरवला. हाताला अडले. आणि त्याच क्षणी त्याचा दुसरा हात आपसूक पान्याकडे गेला.

त्याने हात मागे घेतला. पुन्हा तो तिकडेच गेला.

"नॉर्मा," तो टाकीखालून म्हणाला, "तू आवळ."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"बरणी समज."

ती गुडघ्यावर बसली, ओले हात एप्रनला पुसून नट धरला, किंचित फिरवला, थांबली, बोटभर आणखी फिरवला आणि सोडून दिला.

"झालं?" त्याने विचारले.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. आता हात नको लावूस."

पाणी भरले, पंप घुमला. सिल्व्हिओने खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरले आणि पाना लायलच्या घरी ठेवून आला. शनिवारभर वर्तमानपत्र कोरडे राहिले.

रविवारी घराखाली तीन हंडे उकळत होते, अठ्ठावीस माणसे टोमॅटो चिरत, पिळत आणि एकमेकांची उणीदुणी काढत होती. लायल, नेहमीप्रमाणे, जेवणाच्या बेताने मदतीला आला होता. अकराच्या सुमारास टेबलाच्या मधोमध, नॉर्माच्या परातीच्या अगदी काठाशी, टप्पकन एक थेंब पडला.

चिरणारे, पिळणारे हात थांबले. सर्वांच्या माना वर झाल्या, मग सिल्व्हिओकडे वळल्या. नॉर्माचा चेहरा पडला. तिला मुख्याध्यापक बाई नव्हे, बेप्पीकाका आठवला.

सिल्व्हिओ उठला. त्याने बोटाने तो थेंब टिपला आणि जिभेवर ठेवला.

"गोडं पाणी," तो म्हणाला. "हंड्यांची वाफ आहे. वर फळ्यांना लागून थेंब झालाय."

"खरंच?" मागोमाग पडलेला दुसरा थेंब नॉर्माने स्वतः चाखला. मग तिसरा. "गोडंच आहे!" ती हसू लागली आणि हसता हसता तिने एप्रनने डोळे पुसले. "म्हणजे काका शाळेत जात नाही."

"त्याचं वय झालंय," सिल्व्हिओ म्हणाला.

टेबलावर पुन्हा गलका सुरू झाला. लायलला मात्र सगळी हकीगत नॉर्माच्या बहिणीकडून आधीच कळली होती. त्याने चमचा टेबलावर वाजवला.

"ऐका, ऐका! एकेचाळीस वर्षं अख्ख्या कारखान्याचे जोड आवळले या माणसानं, आणि घरचा एक नट आवळायला बायको लागली! काय सिल्व्ह, खरं ना?"

सिल्व्हिओने हातातला टोमॅटो सावकाश चिरला.

"खरं आहे," तो म्हणाला. "तुझा मागच्या दारचा नळ चार वर्षं गळतोय. तो आवळायला हाक मारावी असं तुझ्याकडे कुणी नाही का?"