गंधकाला जागा ठेवणाऱ्या भट्टीताई

आमच्या भट्टीताई कोळशाला कान लावत. पावणे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या बॅटरी प्रयोगशाळेत नवा माणूस आला, की हे पाहून त्याचा चेहरा बघण्यासारखा होई. करवंट्या जाळून केलेल्या भुकटीची चिमूट त्या पाण्यात टाकत, पेला कानाशी नेत आणि डोळे मिटत. छिद्रांतली हवा बाहेर पडताना बारीक चरचर होते. ती मनासारखी ऐकू आली, की "कोलसा पोकल हाय, चालल," असा निकाल लागे. बाहेर तपासायला पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल तेच सांगत दहा दिवसांनी येई.

ताई बोनकोड्याच्या, आगरी. अर्धं आयुष्य रंगाच्या कारखान्यात गेलेलं, मग आमची भट्टी सांभाळायला आल्या. मी नवीन, डॉक्टरेटची शाई न वाळलेला. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'डाक्टर' केलं. "डाक्टर, आधी हात धू." एकदा जेवायला घरी नेलं आणि शेजाऱ्यांना "हा बॅटरीचा डाक्टर" अशी ओळख करून दिली. हात धुवायच्या आत दोघांनी आपापल्या रिक्षाची बॅटरी दाखवायला आणली.

आमचं काम सांगायला सोपं. कोळशाच्या छिद्रांत गंधक वितळवून भरायचं. गंधकात ताकद उदंड, पण बॅटरी चालू झाली की ते फुगतं आणि विरघळून पळ काढतं. म्हणून त्याला छिद्रांत कोंडायचं. किती भरायचं, यावरून आमचं रोज वाजायचं. मला वाटे, जितकं गंधक जास्त तितकी बॅटरी दमदार. ताई ठरल्या मापापुढे चमचा हलू देत नसत. "फुटेस्तोवर सारन भरलंस तर करंजी तेलात राहील का? त्याला फुगाया जागा ठेव."

एका मोठ्या गिऱ्हाइकाला चांगले टिकणारे सेल दाखवायचे होते. दाखवले तर काम मिळणार, नाहीतर प्रयोगशाळेला टाळं. नेमकी तेव्हाच ताईंच्या गावदेवीची जत्रा आली. भट्टीच्या वहीत ताईंच्या सहीशिवाय एकही घाणा चढत नसे. माझं काम अडू नये म्हणून त्या चार कोऱ्या ओळींवर सह्या करून गेल्या. "मापाने घाल," एवढंच म्हणाल्या.

मी मापाने घातलं नाही. चांगलं दाबून भरलं. पहिल्या दिवशी सेलने असा आकडा दाखवला की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात सगळे सेल बसले. उघडून पाहिले तर गंधक बाहेर झिरपून आतला पडदा पिवळा पडलेला.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी वही मागवली. ताई जत्रेहून परतल्या होत्या, हातात आमच्यासाठी पेढ्यांचा पुडा. सर म्हणाले, "ताई, सही तुमची आहे. तुमच्याकडून असं होत असेल तर भट्टीवर दुसरा माणूस बघावा लागेल मला." ताईंनी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "झालं असंल, सायेब," एवढंच बोलल्या.

गप्प बसलो असतो तर माझं निभावलं असतं, हे मला लख्ख कळत होतं. त्याची आजही लाज वाटते. शेवटी म्हणालो, "सर, घाणा मी चढवला. ताई तेव्हा जत्रेला होत्या."

सरांनी माझी यथासांग पूजा बांधली. बाहेर आल्यावर ताईंनी पेढा पुढे केला. "बोललास ते बरं केलंस. नसता बोललास तर मी पन नाव घेतलं नसतं. पन उद्यापासून तुजा चहा बंद केला असता." मी हसलो आणि डोळे पुसले, दोन्ही एकदमच.

मग त्यांनी नवा घाणा चढवला, मापाने. त्यातल्या सेलने पहिल्या दिवशी काही दिवे लावले नाहीत. पण तो गुमान चालत राहिला. गिऱ्हाईक आलं, पाहून गेलं, काम मिळालं.

पुढे ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या हातचा तो सेल चाचणीवर चालूच होता. दर सोमवारी फोन येई, "हाय का अजून?" मी "आहे" म्हणे.

गेल्या महिन्यात तो संपला. सांगायला जीभ रेटेना, पण सांगितलं.

"मंग दुसरा लावलास का?"

"लावला. घाणा मी चढवला, ताई."

"गंधक किती घातलंस?"

"मापाने. जास्त घालायचा मोह झाला होता."

"खरं बोलतोस ना, डाक्टर?"

"खरं."

"मंग वहीत आता तुजी सही कर," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.