बाटलीतला नारू

चातीआबांचा हात मी कधी रिकामा पाहिला नाही. मेंढरांमागं चालताना, पारावर बोलताना, एकदा तर मयताच्या बैठकीतसुद्धा त्यांच्या हाताखाली लोकर कातायची चाती गरगरत होती. काखेत लोकरीचा पुंजका, खाली फिरणारी चाती आणि दोन्हींच्या मध्ये केसाएवढा धागा. गावात म्हणत, आबांच्या हातून धागा तुटत नाही; लोकरीचा नाही आणि नारूचाही नाही.

नारू म्हणजे काय हे हल्लीच्या पोरांना समजावून सांगावं लागतं, ही चांगलीच गोष्ट आहे. आटपाडीकडच्या कोरड्या मुलखात तेव्हा उन्हाळा लागला की माणसांच्या पायावर फोड उठायचा. निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. फोड फुटला की आतून शेवईसारखा पांढरा किडा तोंड काढायचा; हातभर, कधी दोन हात लांब. त्याला औषध नव्हतं. काडीवर गुंडाळत रोज दोन बोटं बाहेर घ्यायचा, तीन-तीन आठवडे. घाई करून ओढला तर तुटतो आणि आत राहिलेला तुकडा पाय सडवतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. आबांना ते बोटांतून ठाऊक होतं.

मी कोरेगावचा. पुण्याहून डॉक्टरकी पास होऊन, लढाईच्या दिवसांत आटपाडीच्या अलीकडच्या एका गावी दवाखान्यावर लागलो. अंगावर कोट, गळ्यात नळी आणि डोक्यात हवा. पाटलांची दुखणारी दाढ सोडून शेजारची चांगली उपटली, ती मीच. खोकल्याची बाटली आणि मालिशची बाटली यांची चिठ्ठी उलटी लावली, तीही मीच. तो गृहस्थ महिनाभर खोकल्याचं औषध गुडघ्याला चोळत होता आणि गुण आला म्हणत होता. असल्या फजित्या मी पंगतीत सांगतो आणि लोक ठसका लागेस्तोवर हसतात. ही एक मात्र कधी सांगितली नाही. म्हणजे एकदा सांगितली होती, पण खोटी.

गावात पिण्याचं पाणी एकाच विहिरीचं, पायऱ्या उतरून घागर बुडवायची. उन्हाळाभर आबा वरच्या पायरीवर बसायचे. फडकं बांधलेल्या पायाचं कुणी दिसलं की चाती न थांबवता म्हणायचे, ''ये, हितंच बस. पानी मी आनतो.''

''आबा, पाय लय जळतोय वं. जरा बुडवू द्या की.''

''बुडव की गड्या. मंग फुडल्या साली समद्या गावाचं पाय जळू देत.''

मग ते स्वतः पाणी आणून परातीत त्याचा पाय धुवायचे आणि ते पाणी लांब नेऊन तापल्या वाळूत ओतायचे. घागर भरणाऱ्या बायांना तोंडावर फडक्याची चौपदरी घडी घालायला लावायचे. नारूचं पिल्लू पाण्यातल्या बारीक पिसवेच्या पोटात शिरतं आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षाने नारू होतो, हे मी परीक्षेत पिसवेचं चित्र काढून लिहिलं होतं. आबांनी पिसू पाहिली नव्हती. त्यांनी फक्त पन्नास उन्हाळे पायरीवर बसून कोण उतरतं आणि पुढच्या साली कुणाला होतो, हे पाहिलं होतं.

मी पहिल्यांदा त्या विहिरीवर गेलो तेव्हा आबांनी आपल्या पागोट्याचं टोक माझ्या तांब्यावर धरलं, पाणी गाळून द्यायला. त्या टोकाला मेंढराचा असा वास होता की पाण्याआधी माझा जीव वर आला. मी तांब्या मागं घेतला आणि तसाच तोंडाला लावला. वर ऐट अशी, ''आबा, असलं पाणी आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंय.''

''बगितलंसा न्हवं?'' आबा म्हणाले. ''मंग पिताय कशाला?''

बाया पदराआड हसल्या. तेव्हापासून आबांविषयी माझ्या मनात अढी बसली. मी त्यांना 'आबा' म्हणत होतो आणि मनात 'वैदू' म्हणत होतो.

नारूला आबा कधी नारू म्हणत नसत, पाव्हना म्हणत. तरवडाची काडी घासूनपुसून घ्यायची, किड्याचं तोंड तिच्यावर अलगद चढवायचं, दोन वेढे द्यायचे आणि काडी फडक्यानं पायाला बांधून टाकायची. कुणी ''अजून थोडा घ्या की'' म्हटलं, तर म्हणायचे, ''पाव्हन्याला ढकलून काडत न्हाईत, बाबा. वाट लावून द्यायचा आस्तो. त्यो ताणला, की आपन थांबायचं.''

आबांच्या बहिणीचा एक मुलगा होता, तुका. पोरगं उंच, काटक, पळायला लागलं की धूळ मागं राहायची. त्याला पलटणीत जायचं होतं. साताऱ्याला भरती लागली होती आणि नेमका तेव्हाच त्याच्या घोट्याला नारू निघाला. आबांनी काडी लावली, आठ दिवस गुंडाळली. तुकाला धीर निघेना. एका सकाळी मामा मेंढरं घेऊन गेल्याचं बघून तो लंगडत माझ्याकडं आला.

''डाक्टर, मामा म्हनतोय आजून पंधरा दिस. भरती गुरवारी हाय. तुमी शिकल्यालं, तुमच्याकडं हत्यारं हायती. येकदम न्हाई का निगत?''

याला उत्तर एकच होतं, नाही. ते मला येत होतं. पण तो ''मामा म्हनतोय'' म्हणाला आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या पदराआड हसणाऱ्या बाया आल्या. मी म्हणालो, ''निघतो की.''

गरम पाण्यानं पाय शेकला, आबांची काडी सोडवली, जागा थोडी कापली, चिमट्यात धरून ओढायला लागलो. येत होता. वीतभर आला, हातभर आला. मला वाटलं, बघा! आणि मग तो एकाएकी सैल पडला. पतंग कटल्यावर मांजा हातात कसा मेल्यासारखा होतो, तसा. वर बघायची गरज नसते, बोटाला कळतं. मलाही कळलं. तुका दात आवळून छताकडं बघत होता.

''झालं,'' मी म्हणालो. ''निघाला सगळा.''

मी पट्टी बांधली. तो पोरगा माझ्या पाया पडला आणि मी पडू दिलं. तो तुकडा स्पिरिटच्या बाटलीत घालून मी टेबलावर ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा असा.

चौथ्या दिवशी तुकाला बाजेवर घालून आणलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झालेला, अंगात फणफण ताप. भरतीचा गुरुवार बाजेवरच गेला. मी दोनदा चिरा दिला, पू काढला, गोळ्या दिल्या, जीव वाचला. घोटा मात्र आखडला तो कायमचा. टाच पुन्हा भुईला टेकली नाही.

त्या दिवशी दवाखान्याच्या पुढं निम्मं गाव उभं होतं. तुकाच्या आईनं मला विचारलं, ''डाक्टर, तुमी तर समदा काडलासा न्हवं? मंग ह्ये कशानं?''

सगळे माझ्याकडं बघत होते. मी बाटलीकडं बोट केलं. ''हा बघा. माझ्याकडनं आला तो हा. त्याच्या आधी आठ दिवस काडीवर काय झालं असेल...'' आणि पुढचं वाक्य मी मुद्दाम सोडून दिलं. खोटं पूर्ण बोलायचीसुद्धा माझ्यात धमक नव्हती.

आबा दारात होते. ते आत आले. टेबलावरची बाटली त्यांनी उचलून उजेडात धरली, हळूहळू फिरवली, तुटल्या टोकावर त्यांची नजर क्षणभर थांबली. त्या दिवशी त्यांच्या हातात चाती नव्हती असं आठवतं. पण मी वर म्हटलंय की हात कधी रिकामा पाहिला नाही, तेही खरंच. हातात बाटली होती.

बाटली जागेवर ठेवून ते बहिणीला म्हणाले, ''माज्याच काडीवर तुटला आसंल गं. हात म्हातारा झाला.''

''तुज्या काडीनं माज्या पोराचा पाय खाल्ला, दादा,'' ती म्हणाली. ''आता माजा उंबरा चढू नगंस.''

मी खाली बघून पट्टी कापत राहिलो. एवढी पट्टी त्या दवाखान्यात लागतच नव्हती.

गाव फिरायला वेळ लागत नाही. आबांकडं काडी लावायला कुणी जाईना. ते पायरीवर बसायचे, पण लोक त्यांच्या पुढनं फडकं सोडून खुशाल पाण्यात उतरायचे. ''ज्यानं भाच्याचा पाय घालवला त्यानं आमाला सांगू ने,'' असं एक जण माझ्यादेखत म्हणाला. आबा ''बरं'' म्हणाले आणि कातत राहिले.

आणि मी काय केलं? त्या पावसाळ्यात सांगलीला डॉक्टरमंडळींची एक बैठक होती. 'अडाणी उपचारांचे दुष्परिणाम' असा विषय घेऊन मी बोललो, बाटली बरोबर नेली होती. एका मेंढक्याच्या काडीनं एका होतकरू तरुणाचा पाय कसा गेला, हे मी इतकं रंगवून सांगितलं की पुढच्या रांगेतल्या एका बुजुर्गांचे डोळे पाणावले. टाळ्या झाल्या. सांगितली होती ती खोटी गोष्ट हीच.

पुढच्या वैशाखात गावात नारूचे पाय दुपटीनं दिसायला लागले. त्याच सुमारास माझ्या अंगावर एके दिवशी गांधी उठल्या, मळमळलं. मी निदान केलं, पित्त. सोडा घेतला. मग पोटरीला खाली ठणका लागला. मी निदान केलं, शीर धरली. तेल चोळलं. दोन दिवसांनी फोड आला तेव्हा मी त्याला 'चप्पल चावली' म्हणालो. स्वतःच्या पायाच्या बाबतीत माझं एकही निदान बरोबर आलं नाही. शेवटी फोड फुटला आणि आतून पांढरं टोक माझ्याकडं बघायला लागलं. वर्षापूर्वीचा तो न गाळलेला तांब्या.

दवाखान्यात चिमटा होता, हत्यारं होती. मी त्यांना हात लावला नाही. आबांना निरोप धाडला आणि त्यातही एक शब्द जोडायला विसरलो नाही: मागच्या दारानं या.

आबा मागच्या दारानं आले. फोडाच्या वर दोन बोटं फिरवून म्हणाले, ''पार नडगीपतूर पसरलाय पाव्हना. ईस दिस लागतील. डाक्टर, गडबड करनार न्हाई न्हवं?''

वीस दिवस ते रोज मागच्या दारानं आले आणि मागच्या दारानं गेले. घोंगडीवर बसायचे, माझा पाय मांडीवर घ्यायचे, पाण्यानं भिजवायचे, दोन वेढे द्यायचे. माझ्या बापानंही माझा पाय कधी मांडीवर घेतला नव्हता.

विसाव्या दिवशी शेवटचं बोटभर बाहेर आलं. आबांनी ते तळहातावर घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. टोकाला बारीकसा आकडा होता, माशाच्या गळासारखा.

''ह्ये बगा,'' ते म्हणाले. ''ही शेपटी. हितं संपतो त्यो. शेपटी बगितल्याबिगार समदा निगाला म्हनायचं न्हाई.''

बाटली टेबलावरच होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडं पाहिलं नाही.

मी म्हणालो, ''आबा, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. मग तसं का बोललात?''

''माजं नाव गेलं, तर येक काडी गेली,'' आबा परात उचलत म्हणाले. ''तुमचं गेलं आस्तं, तर लोकं दवाखान्यात आली नस्ती. हिवतापाच्या गोळ्या काय मी देनार हुतो? आन् पोरांस्नी देवी कोन टोचनार?''

''मी उद्या चावडीवर सांगतो. सगळ्यांपुढं.''

''सांगा की,'' ते म्हणाले. ''माजी बहीन येईल घरला.''

मी सांगितलं नाही. उद्या म्हणता म्हणता आठवडा गेला, आठवड्याचा महिना झाला, आणि मग माझी खंडाळ्याला बदली झाली. बदलीचा कागद हातात पडल्यावर मला हायसं वाटलं, हे लिहितानाही मान वर होत नाही. निघायच्या दिवशी मोटारीपाशी आबा आले होते. माझा तांब्या मागून घेऊन त्यांनी पागोट्याच्या टोकानं पाणी गाळून भरला. मी तो तिथंच, त्यांच्यासमोर, तळाला थेंब राहीपर्यंत प्यालो. मेंढराचा वास येत होता. माफी मागायची सोडून मी पाणी पीत होतो.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मी पुन्हा त्या गावी गेलो, बाटली पिशवीत घेऊन. विहिरीच्या पायऱ्या भिंत घालून बंद केल्या होत्या. वर रहाट बसवला होता, आता कुणाचाच पाय पाण्याला लागत नव्हता. रहाटाजवळ तुका घागर घेऊन उभा होता. आबा त्याआधीच्या थंडीत गेले, असं त्यानं सांगितलं.

''हात चांगला हुता म्हाताऱ्याचा,'' तो म्हणाला. ''माज्याच येळंला तेवडा चुकला.''

मी बाटली काढली. त्याला दाखवलं, हे तोंड, हे तुटलेलं टोक. इथं शेपटी हवी होती, ती नाही. मामानं तोडला नाही तुका, मी तोडला. माझ्या हातात सैल पडला तेव्हाच मला कळलं होतं आणि तू माझ्या पाया पडत होतास.

वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं वाटलं असतं. तुकानं बाटली घेतली. मामानं धरली होती तशीच उजेडात धरली.

''मामा गेला तवा,'' तो म्हणाला, ''मी मातीला गेलो न्हाई, डाक्टर. घरात बसून हुतो. आईलाबी जाऊ दिली न्हाई.''

मग त्यानं घागर खाली ठेवली. ''वड्याच्या पल्याड बाभळीखाली ठेवलाय त्याला. चला. तुमीबी चला.''

तो पुढं निघाला, टाच उचललेली, चवड्यावर लंगडत. मी मागं होतो, आबांनी राखलेल्या दोन धड पायांवर. आणि तरी मला त्याला गाठता येत नव्हतं.