शेवटच्या घरचा लट्टू

कौसल्याकाकू कोणाच्याही घरी गेल्या की आधी वर बघायच्या. घरधनी दारात "या, या" म्हणत उभा असायचा, सून पाण्याचा गडवा घेऊन यायची, आणि काकूंची मान मात्र आढ्याकडे. होल्डरमध्ये काय अडकवलंय ते पाहून झालं की मगच त्यांची नजर खाली माणसांवर उतरायची. पांढरा एलईडी दिवा असला तर त्या ऐसपैस बसायच्या, चहा घ्यायच्या, नातवंडाचं नाक पदरानं पुसायच्या. पिवळा लट्टू, म्हणजे जुना तारेचा बल्ब, दिसला तर उंबऱ्याबाहेरच थांबायच्या. "चाय नाई घेत बाप्पा. अठी माहा जीव गरम होते," असं म्हणून चालू पडायच्या. सरपंचबाई चहा न घेता गेल्या ही बातमी त्यांच्याआधी पुढच्या आळीत पोचलेली असे, आणि त्या घरचा लट्टू दुसऱ्या दिवशी उतरलेला असे.

मी त्या गावात ग्रामसेवक म्हणून गेलो तो तोंड पाडूनच. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यानं तिवस्याच्या पुढं जायचं आणि मोठा रस्ता सोडून आत वळायचं, की ते गाव. मी अकोल्याच्या जुन्या शहरातला. मोर्णा नदीच्या पलीकडं फारसं काही चांगलं असतं यावर आम्हा लोकांचा मुळातच विश्वास नसतो. रुजू झालो त्या दिवशी ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसून मी बदलीचा अर्ज मनातल्या मनात लिहीत होतो. तेवढ्यात गुडघ्यापर्यंत धूळ, हिरवं लुगडं आणि रानात हाक मारायची सवय असलेला आवाज घेऊन काकू आत आल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"सायेब, हा लट्टू तुमी घरून आणला का?"

"नाही हो. इथंच होता."

"मंग काढा. आपुनच असे बसलो तर गावाले कोन्त्या तोंडानं सांगाव?"

नोकरीत पुष्कळ कामं केली, पण त्या गावातलं माझं पहिलं सरकारी काम म्हणजे टेबलावर चढून दिवा बदलणं. खालून काकू टेबल धरून उभ्या होत्या. बाई डोक्यानं जरा सरकलेली दिसते, असं मला वाटलं. पुढं महिनाभर मी तेच मत बाळगून होतो.

खरी गोष्ट अशी होती. गावाला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो काकूंच्या घराला लागूनच होता. म्हणजे लाइन पहिल्यांदा पोचायची ती त्यांच्याकडं. त्यांच्या घरी कधी उजेड कमी पडला नाही, पंखा कधी मंदावला नाही. त्याच तारेच्या अगदी शेवटी माळीपुरा, भाजीपाला पिकवणाऱ्यांची आळी. आणि माळीपुऱ्यातलं शेवटचं घर शंकररावांचं. निवडणुकीत काकूंच्या विरोधात उभे राहून शंकरराव पडले होते आणि तेव्हापासून दोन घरांमध्ये बोलणं बंद होतं. त्यांच्या बायकोची, सिंधूबाईंची फुप्फुसं चुलीच्या धुरानं पार कामातून गेलेली. अमरावतीच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं होतं. दिवसा ते नीट चालायचं. दिवेलागणीला गावभर लट्टू लागले की तारेतला जोर संपायचा. शंकररावांच्या ओसरीतला दिवा निखाऱ्यासारखा व्हायचा, मशीन टी टी करायला लागायचं आणि शेवटी बंद पडायचं. मग सिलेंडर. तोही तिवस्याहून आणायचा, मिळाला तर मिळाला. न मिळाल्यास शंकरराव बायकोला भिंतीशी टेकवून बसवायचे आणि गाव जेवून दिवे मालवेपर्यंत तिची पाठ चोळत राहायचे.

काकूंना हे कळलं ते मी येण्याच्या थोडं आधी, नालीच्या कामासाठी तिकडं गेल्या तेव्हा. टी टी ऐकून त्यांना वाटलं कोणाचा तरी फोन वाजतोय. खिडकीतून आत पाहिलं आणि तशाच लाइनमनकडं गेल्या. त्यानं त्यांना समजावलं की मोठ्या डीपीचा अर्ज गेलेला आहे, ती येईल तेव्हा येईल, तोवर गावानं वीज कमी ओढली तरच काही होईल. काकूंना विजेतलं काही कळत नव्हतं आणि तसं त्या सांगायच्याही. पण शेतकऱ्याच्या घरात जन्म गेलेला. महिन्याभरानं मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "पाटाच्या शेवटच्या वावराले पाणी काहून पोचत नाई? वरचे सारे तोडून घेतात म्हणून. हे बी तसंच. तार एकच हाय, सायेब." 'तार एकच हाय' हे त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी बसलं. भांडणात, बैठकीत, लग्नाच्या मांडवात, कुठंही त्या ते म्हणायच्या.

नेमके त्याच सुमारास सरकारी योजनेतले एलईडी दिवे गावात आले. घरोघरी कमी वीज खाणारे दिवे लागावेत म्हणून सरकारचा तेव्हा मोठाच जोर होता. मी वाटप केलं, सगळ्यांनी दिवे नेले, आणि आम्ही दोघं मोठ्या आशेनं संध्याकाळी माळीपुऱ्याकडं कान लावून बसलो. टी टी सुरूच. पुढं महिनाभरही तेच. मी चक्रावलो. काकू मात्र घरोघर वर बघत हिंडल्या आणि वर काही सापडेना तेव्हा बायकांना पेट्या उघडायला लावल्या. दिवे पेटीत! डब्यासकट, पाहुण्यांच्या ग्लासांशेजारी, फडक्यात गुंडाळून. आमच्या वऱ्हाडात चांगली वस्तू आली की ती स्वतःसाठी वापरायची पद्धत नाही. "जावई येऊन राह्यले ना दिवाळीले, तवा लावू," हे एकीचं उत्तर. कित्येकांनी दिवे लग्नात आहेर म्हणून दिले होते, आणि एक डबा तर चार मांडव फिरून पहिल्या घरी परत आला होता. ज्यांनी लावले त्यांनी लट्टू न काढता वरून लावले. दिवा काही खात नाही म्हटल्यावर गोठ्यात एक, न्हाणीत एक, आणि दिवसाउजेडीही चालूच.

मला हसू आवरेना. काकू हसल्या नाहीत. पेटीच्या झाकणावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "त्या बाईचा दम अटकून राह्यला, अन् आपुन उजेड पेटीत घालून ठेवला." माझं हसू तिथंच विरलं.

त्यांनी ग्रामसभा बोलावली. ठराव असा की गावात कोणत्याही घरी पिवळा लट्टू लावायचा नाही. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "काकू, सरकारचा नियम असलाच तर तो बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. घरातल्या होल्डरमध्ये काय लावायचं यावर कायदा नाही."

"सरकारचा कायदा दुकानापावतर येते, सायेब. उंबऱ्याच्या आत आपलाच लागते. लिवा."

ग्रामसभेला असा अधिकार आहे की नाही, हे मी वरच्या साहेबांना आजतागायत विचारलेलं नाही. पण सभेत कुरकुर सुरू झाली. एक जण उठून म्हणाला, "घर माहं, लट्टू माहा, बिल मी भरतो. तुमाले काय करायचं?" काकू वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चाला." आणि सगळी सभा उठवून माळीपुऱ्याकडं निघाल्या. मी रजिस्टर काखेत मारून मागं.

एवढे लोक अंगणात शिरताना पाहून शंकररावांनी दारातली काठी हातात घेतली. काकू त्यांच्याकडं वळल्याच नाहीत. "काई बोलू नका. लट्टू पाहा," त्या लोकांना म्हणाल्या. दिवस मावळला. घरोघरी बायकांनी दिवे लावले, आणि आमच्या डोळ्यांदेखत ओसरीतला लट्टू बसत गेला. पिवळा होता तो तांबडा झाला, मग आतली तार तेवढी दिसायला लागली. आत मशीन टी टी करू लागलं. सिंधूबाईंचा श्वास ओढण्याचा आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू येत होता. घर माझं, लट्टू माझा म्हणणारा खाली मान घालून उभा होता.

"आता एकेक आळी घरी जा," काकू म्हणाल्या. "लट्टू काढा, पेटीतला दिवा लावा. बाकीचे अठीच थांबा अन् पाहा." पहिली त्यांनी धाडली ती स्वतःची भावकी, डीपीजवळची. आम्ही वर बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं त्या तारेला जरा धुगधुगी आली. दुसरी आळी गेली. लट्टू तांबडा झाला. तिसरी गेली, आणि तो हळदीसारखा पिवळा होत होत अंगणभर उजळला. शाळेत वीज शिकलो होतो, पण माणसं आपापल्या घरी जाऊन काहीतरी सोडतायत आणि ते इथं दुसऱ्याच्या अंगणात येऊन पोचतंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होतो. मशीनचं टी टी थांबलं. आतून सिंधूबाईंचा बारीक आवाज आला, "काहो, कोन आलं? चाय मांडा ना."

शंकररावांनी काठी भिंतीला लावली. "वहिनी, बसा," म्हणाले. निवडणुकीनंतरचं ते त्यांचं पहिलं बोलणं. काकूंनी सवयीनं वर पाहिलं. वर पिवळा लट्टू. काकू ओसरीवर टेकल्या आणि त्यांनी चहा मागितला. मग मला म्हणाल्या, "सायेब, ठरावात लिवा. साऱ्या गावात हा एक लट्टू राहीन. पांढरा दिवा लबाड हाय. लाइन कमी असली तरी तसाच हासते, काई सांगत नाई. हा सांगते."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या आपल्या मुलाला, विनायकला, धाडायच्या. "जा, लट्टू पाहून ये." विनायक चांगला लेकुरवाळा बाप्या, ट्रॅक्टर घेऊन रानातून दमून आलेला. चिडायचा, पण जायचा. लट्टू मंद आहे असं तो सांगत आला की काकू चपला घालून गावात निघायच्या, वर बघत.

माझी बदली अकोल्याला झाली. ज्या बदलीसाठी आलो त्या दिवसापासून झुरलो, ती मिळाल्यावर मला रडू आलं. काकू फाट्यापर्यंत सोडायला आल्या. एसटी आल्यावर म्हणाल्या, "अकोल्याले गेले तरी वर पाहत जा." मी अजून पाहतो. बायको म्हणते, लोकांकडं गेल्यावर असं बरं दिसत नाही.

मागच्या महिन्यात शंकररावांचा फोन आला. "सायेब, वहिनी गेल्या." वावरातून आल्या, ओट्यावर बसल्या आणि गेल्या. मग ते चाचरत म्हणाले, "लट्टू बी उडाला. तिवस्यात भेटत नाई, अमरावतीचे दुकानदार हासतात. तुमच्या जुन्या शहरात पाहता का?" मी गल्लीबोळ पालथे घातले. काकूंचा कायदा देशभर लागू झाल्यासारखी गत होती, पिवळा लट्टू म्हणून कुठं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं वायरींच्या ढिगामागून धुळीनं माखलेला एक काढून दिला. "याले आता कोन इचारते?" म्हणाला. तो दुपट्ट्यात गुंडाळून मी तेरवीला निघालो, एसटीत मांडीवर घेऊन.

गावात उतरून आधी माळीपुऱ्यात गेलो. शंकररावांनी लट्टू लावला. मोठी डीपी अजून यायचीच होती. संध्याकाळ होऊ लागली तसा मी सारखा वर पाहू लागलो. सांगणारी बाई आता नव्हती. तिच्यामागं लोक कितपत पाळतील?

दिवे लागले आणि लट्टू बसला. तांबडा झाला, तार दिसायला लागली, आणि आत टी टी सुरू झालं. कारण आम्हाला माहीत होतं. काकूंच्याच घरी मांडव होता, संध्याकाळचं भजन होतं, आणि माय गेली तर गावाला अंधारात कसं बसवायचं म्हणून विनायकनं मोठमोठे हॅलोजन लावले होते. तेरवीच्या घरी जाऊन दिवे मालवा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? माझी हिंमत होईना. शंकरराव म्हणाले, "राहू द्या सायेब. त्यायच्या घरचा आजचा दिवस. मी सिलेंडर पाहतो." आत सिंधूबाई छातीवर हात ठेवून वाकल्या होत्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी विनायक दिसला. डोकं भादरलेलं, अंगावर कोरं धोतर, पाहुण्यांच्या गराड्यातून उठून आलेला. आज त्याला कोणी धाडलेलं नव्हतं. आमच्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. अंगणाच्या कडेला उभं राहून त्यानं वर पाहिलं. पंच्यानं तोंड पुसलं आणि झपझप मागं फिरला.

लांबून भजनाचा आवाज येत होता, त्यात खंड पडला नाही. लट्टूतली तार तांबडी झाली. मग पिवळी. मग अंगण उजळलं, शंकररावांचे ओले गाल दिसले, आणि टी टी थांबलं. दिवा लागल्यावर जोडतात तसे त्यांनी लट्टूकडं पाहून हात जोडले. मीही जोडले.

आतून सिंधूबाईंनी विचारलं, "काहो, वहिनी येऊन गेल्या का?"

"हो," शंकरराव म्हणाले आणि चहा मांडायला आत गेले.