मळ्यात वाटलेल्या भाकरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि त्या भाकरींत तिच्या हातच्याही होत्या.

चोपड्याकडे वादळ झालं, त्याला आता काही वर्षं झाली. अर्ध्या तासात आमची केळी आडवी. सातपुड्याच्या पायथ्याशी पाडा आहे, तिथली माणसं आमच्याकडे मजुरीला येतात. त्यांच्या घरांवरचे पत्रे उडाले, धान्य भिजलं, वीज गेल्यानं पाणीही बंद. गावातल्या बायकांनी घरोघरी त्यांच्यासाठी भाकरी थापल्या, ठेचा केला, पाण्याचे ड्रम भरले. पिकअप माझी, म्हणून पोहोचवायचं काम माझ्याकडे. मोठ्या तोऱ्यात निघालो, खोटं कशाला बोलू?

वाटेत माझा मळा लागतो. तिथं थांबायला नको होतं. पडलेले घड लगेच उचलले नाहीत तर फेकूनच द्यायचे. आणि मजूर? सगळ्यांचीच केळी पडलेली, मजूर आणणार कुठून? मी घडांकडे पाहिलं, मागच्या भाकरींकडे पाहिलं – आणि मग जे सुचलं ते इतकं सहज सुचलं, की त्याचीच मला आजही भीती वाटते.

भाकरी मळ्यातच उतरवल्या. पाणीही. रिकामी पिकअप घेऊन पाड्यावर गेलो नि सांगितलं – मळ्यात चला, आधी घड काढा, जेवण तिथंच मिळेल. एका म्हाताऱ्यानं नुसतं प्यायला पाणी मागितलं. त्यालाही मी मळ्यातच चल म्हणालो. ज्यांच्या अंगात बळ होतं ते गाडीत चढले. बाकीचे? मी मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी उपाशीपोटी घड वाहिले. जे त्यांचंच होतं ते मी मजुरी म्हणून वाटलं – आणि ती माणसं हात जोडून घेत होती.

घरी बायकोनं विचारलं, "बठ्ठासले पुरन्यात का?" मी म्हणालो, हो, सगळ्यांना पुरल्या. गावानं पाठ थोपटली, अजूनही थोपटतात. तेव्हापासून चार माणसांत बसलो तरी मी एकटाच असतो. ते ज्याच्याशी बोलतात तो माणूस मी नाहीच, हे त्यांना कसं कळावं?

पण सांगायचं ते अजून राहिलंच. त्या संध्याकाळी सगळे निघाल्यावर त्यांच्यातलीच जमनाबाई परत आली. तिचा नवरा पाड्यावर तापानं पडलेला होता. त्याच्यासाठी तिनं आपल्यातली अर्धी भाकर पदरात बांधली होती.

"सकाय बी भाकर भेटी का, भाऊ? भेटी ते येसू."

दुसऱ्या दिवशीही गावात घरोघरी भाकरी होणार होत्या, पाड्यासाठीच. हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. मळ्यात अजून निम्मे घड पडून होते.

मी म्हणालो, ये. पण लवकर ये.