देवघरातल्या मार्बलचे ठिपके

"पावणं, ॲसिड मारा की! दोन मिनिटात पांढरंफट पडतंय," आबा म्हणाले.

आबा म्हणजे कसबा बावड्यातल्या त्या नव्या बंगल्याचे मालक. मी फरशी साफसफाईची आणि पॉलिशची कामं घेतो. मशीन शैलाअक्का चालवते. ती आमच्याच गल्लीतली, आमच्याच आडनावाची. हॉलच्या व्हिट्रिफाइड टाइल्सना फारसं काही लागत नाही, साबणाचं पाणी पुरतं. किचनमधली कोटा फरशीही घासली की उजळते. अडलं होतं देवघरात. तिथल्या पांढऱ्या मार्बलवर निस्तेज ठिपके पडले होते.

"आबा, देव कशानं घासता?"

"चिंचेनं. आणि कशानं घासत्यात?"

"इथंच बसून?"

"मग काय पंचगंगेवर जाऊ?"

मी समजावलं. हा डाग नाही. आंबट लागलं की मार्बलचा वरचा थर खाल्ला जातो आणि झळाळी जाते. ॲसिडनं तो आणखी खाल्ला जाईल. उपाय एकच, पाणी सोडून डायमंड पॅडनं घासायचं, आधी खरखरीत, मग बारीक. ॲसिडच्या वाफेनं कामगाराच्या छातीचं काय होतं, यावर एक छोटं भाषणही दिलं. भाषणं मला जमतात. वडील चळवळीची पत्रकं छापून वाटायचे, आता ती मी लिहितो. यंदाच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या पत्रकात ठळक अक्षरांत मीच लिहिलंय: 'आडनाव विचारणाऱ्याला आधी कारण विचारा. मग ताठ मानेनं आडनाव सांगा.'

आबांना पटलं. अक्का मशीन ढकलत देवघराकडं निघाली. आबा दारात आडवे आले.

"बाई, आडनाव काय तुमचं?"

"कांबळे," अक्का म्हणाली.

आबांनी आवाज चढवला नाही. "मग तुम्ही हॉल बघा. घरात म्हातारीला चालत न्हाय, दुसरं काय न्हाय." आणि माझ्याकडं वळले. "पावणं, तुम्ही कुठलं म्हणायचं?"

कारण विचारायची हीच वेळ होती. पण आबांच्या शब्दावर शेजारच्या बंगल्यांची कामं मिळणार होती.

"पन्हाळ्याकडचा," मी म्हणालो. गाव खरं होतं. उत्तर खोटं होतं.

"मग देवघर तुम्हीच करा की."

'ह्यो बी कांबळेच' एवढं अक्कानं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिनं म्हटलं नाही. मशीनचा दांडा माझ्या हातात दिला आणि मॉप घेऊन हॉलमध्ये गेली.

चपला काढून मी देवघर केलं. चांगलं केलं. शेवटचं पॅड फिरलं तेव्हा फरशीत तोंड दिसत होतं. मी खाली बघायचं टाळत पाणी ओढलं.

परतताना टेम्पोत मी म्हणालो, "अक्का, काम गेलं असतं म्हणून..."

"व्हय."

"मी बोलणारच होतो."

"तुझं पत्रक फ्रीजवर लावलंय मी," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. "ऱ्हाऊ दे का काढू?"



पंधरा दिवसांनी आबांचा फोन आला. शेजाऱ्यांचा मार्बल करायचा होता. "पर त्या बाईस्नी आणू नका. तुम्हीच या."

"आबा, मी पण कांबळेच."

आबा म्हणाले, "मग तवाच का न्हाय सांगितलं?"

म्हणजे कारण विचारलं ते आबांनी, मी नाही. आणि सांगण्यासारखं कारण माझ्याकडं नव्हतं. फोन कट झाला, काम गेलं. अक्काला सांगितलं तर "बरं झालं" एवढंच म्हणाली आणि पॅड धुवायला बसली. पत्रकाचं मी अजून विचारलेलं नाही.

मार्बलवर चिंच, लिंबू, दही सांडलं तर तिथल्या तिथं ओल्या फडक्यानं पुसा. मग काही होत नाही. राहू दिलं तर नंतर कितीही पुसा, ठिपका राहतो आणि फरशी घासावीच लागते. मी पुसायला गेलो ते पंधरा दिवसांनी, तेही फोनवरून.