घट्ट मिल्कशेक

आई-बाबांनी सुचवलेल्या मुलाला मी पहिल्यांदा भेटले ते बर्गरच्या दुकानात. चहा घेतला तर अगदीच पाहण्याचा कार्यक्रम वाटेल, म्हणून दोघांनीही चॉकलेट मिल्कशेक मागवला. तो इतका घट्ट निघाला की स्ट्रॉ त्यात खांबासारखी उभी राहिली.

"तुमच्या अपेक्षा काय आहेत?" त्याने विचारलं, तेव्हा ओढून ओढून माझे गाल आत गेले होते, डोळे बाहेर आले होते आणि घशात थेंबही उतरला नव्हता. त्याची कागदी स्ट्रॉ तर भिजून मधोमध दुमडली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, झाकण काढलं आणि ग्लास सरळ तोंडाला लावला.

"अहो, मिशी आली," मी म्हटलं.

"येऊ द्या. एरवी कुठे धड येते?" तो म्हणाला, आणि मला हसू आवरेना.

मला वाटतं, चांगला मिल्कशेक असाच असावा. पातळ शेक सुळकन वर येतो, माणूस शेवटपर्यंत नीटनेटका राहतो आणि नीटनेटक्या माणसाबद्दल काही म्हणजे काही कळत नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय काय बोललात?"

"फारसं काहीच नाही," मी म्हटलं, "पण परत कधी भेटायचं ते ठरलंय."