नानांची शेंदराची पुडी

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटतेय.

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या जीपचं डिफरन्शिअल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा गिअरचा डबा, मी घरीच अंगणात उघडलं. मोबाइलवर व्हिडिओ बघत नवे गिअर बसवले. शेजारचे नाना शेंदराची पुडी घेऊन आले. त्यांची हयात ट्रकच्या गॅरेजात गेली. तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावायचा, गिअर फिरवायचा, मग दात कुठे घासतात ते उमटतं, ही त्यांची पद्धत.

मी बोलून गेलो, "राहू द्या नाना, तुम्हाला आता दिसतं तरी का?"

पुडी ठेवून ते निघून गेले.

आज सकाळी त्याच नानांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला धुळ्याला नेत होतो. नरडाणा सोडलं आणि नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, गाडी थांबाड. दात दातस्ले खाई राहिनात."

गिअरचे दात एकमेकांना खातायत म्हणे! मला तर वेगळं काही ऐकू येत नव्हतं. म्हटलं, नवे गिअर आहेत, थोडा आवाज करणारच. पुढच्या चढाला मागून कडाड झालं आणि जीप जागेवरच बसली. ऑपरेशनची वेळ गेली ती गेलीच.

परतीच्या बसमध्ये नाना माझ्या डोळ्यांकडे बोट करून एवढंच म्हणाले, "डोया तर तुना व्हतात ना, भाऊ. मी नुसता सांगाले येल व्हतू."

पुडी अजून पान्यांच्या पेटीवर तशीच आहे, दोरासुद्धा सोडलेला नाही. उद्या ती घेऊन त्यांच्या दारात जाणार आहे. पहिलं वाक्य काय बोलू, सुचवाल का कुणी?